मेजावरचे विज्ञान आणि गावचे पाणी

शाळकरी मुलांनी प्रयोग मांडावेत व ते साऱ्या गावाने पाहावेत, ही रीत आता तालुक्यातालुक्यांत इतकी रुळली आहे की तिलाही काही इतिहास असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली मुलांचा असा मेळा भरला. भारतात हा योग १९७१ साली आला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्या वर्षी दिल्लीत मुलांचे पहिले राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शन भरविले. १९८८ साली त्याला पंडित नेहरूंचे नाव मिळाले.

मात्र मेजावर काय मांडावे, हा प्रश्न नावाने सुटणारा नव्हता. सोड्याचा ज्वालामुखी फसफसतो, पाहुणे कौतुक करतात आणि सायंकाळी सारे गुंडाळले जाते. त्यात पालकांचे जागरण किती व मुलाचे कुतूहल किती, हे परीक्षकांनी ओळखावयाचे! विज्ञान हे दाखविण्याची वस्तू नसून विचारण्याची रीत आहे, ही गोष्ट अशा प्रदर्शनांत पुष्कळदा हरवली.

ती शोधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातही झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भा. मा. उदगावकर, वि. गो. कुलकर्णी यांच्यासारखे शास्त्रज्ञ मुंबईच्या महापालिका शाळांच्या विज्ञानशिक्षणात लक्ष घालू लागले. त्यातूनच १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले, आणि पुढे जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यासारख्या खेड्यात केंद्राने काम केले. प्रयोगशाळा नाही, ही खेड्यातील शाळांची जुनी तक्रार. हाताशी असलेल्या साध्या वस्तूंनीही प्रयोग होतात, हे त्यावरील उत्तर.

खरे वळण आले ते १९९३ साली. ग्वाल्हेरमध्ये अंकुरलेली बालविज्ञान परिषद त्या वर्षी राष्ट्रीय झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी गट करावेत, आपल्याच परिसरातील एखादा प्रश्न घ्यावा, मोजमाप करावे व निष्कर्ष मांडावेत, अशी तिची पद्धत. येथे विज्ञान समाजाला भिडते. समजा, मुलांनी गावातील पाणवठ्यांचा नकाशा काढला: कोणत्या वस्तीला पाणी किती पावलांवर, ते कोण आणते, उन्हाळ्यात कोणती विहीर आटते. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे असा नकाशा निव्वळ भूगोलाचा राहत नाही. ज्वालामुखीपुढे हसणारे सरपंच त्याच्यापुढे थोडे गंभीर होतात.

या परिषदेत तक्त्याबरोबर पाहणीची रोजनिशीही ठेवावी लागे. कोणत्या दिवशी कोणती विहीर मोजली, हे तीत मुलांच्या अक्षरात लिहिलेले असे.