स्वर्ग हवा असणारा म्हणजे नेमका कोण?

शब्दांना शब्द जोडून वाक्याचा अर्थ कसा तयार होतो, हा प्रश्न ऐकला की आपल्या तरुणांना वाटते, हे भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांचे काम. पण या देशात त्याच प्रश्नाचा आधार घेऊन शूद्रांना यज्ञाच्या दारातून परत पाठवले गेले. म्हणून आम्हाला त्यात लक्ष घालावे लागते.

वैदिक आज्ञांचा अर्थ लावणारे ते मीमांसक. त्यांनी उभारलेले शास्त्र मोठे आहे, हे आम्ही नाकारत नाही. शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, त्यांचे अर्थ परस्परांशी जुळणारे हवेत आणि ते जवळजवळ उच्चारलेले हवेत, तरच वाक्य बनते, असा त्यांचा नियम. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने मांडले की आधी प्रत्येक शब्द आपला अर्थ सांगतो, मग ते अर्थ जोडले जातात. प्रभाकर म्हणाला, सुटा अर्थ नसतोच. 'पाणी आण' यातले पाणी हे आणायचे पाणीच असते.

हे झाले शास्त्र. ते वापरले कसे?

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, यज्ञाचा अधिकार कोणाला हा वाद आहे. आज्ञेचा आशय एवढाच की ज्याला स्वर्ग हवा त्याने यज्ञ करावा. त्यात वर्णाचा उल्लेख नाही. शब्द पुल्लिंगी आहे, तरी त्यात स्त्री येते, हे तिथेच मान्य केले आहे (अर्थात नवऱ्यासोबतच!). बादरि नावाच्या आचार्याने सरळ अर्थ केला: स्वर्ग हवा असणारा कोणीही, म्हणजे शूद्रसुद्धा. या बादरीचा ग्रंथ आज नाही. खोडून काढण्यासाठी का होईना, विरोधकांनी नोंदवले म्हणून त्याचे मत वाचले. बाबासाहेबांनी 1946 च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्याची आठवण मुद्दाम काढली आहे.

मग शूद्राला बाहेर कसे काढले? त्या वाक्यातून काढता येईना, म्हणून दुसरे वाक्य आणले. अग्नी स्थापन करण्यासाठी ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म, वैश्याला शरद ऋतू सांगितला आहे. शूद्राला ऋतूच नाही, म्हणून अग्नी नाही, म्हणून यज्ञ नाही. शिवाय उपनयन नाही, म्हणून वेदाध्ययनही नाही.

पण याच मंडळींपुढे 'निषादस्थपति' हा सामासिक शब्द आला, तेव्हा गंमत झाली. एका इष्टीचा अधिकार त्याला दिलेला होता. निषादांचा प्रमुख असा विग्रह केला असता, तर तो प्रमुख त्रैवर्णिक ठरवता आला असता. पण त्यासाठी शब्दात नसलेली षष्ठी आणावी लागते. म्हणून निषाद असलेला प्रमुख हाच अर्थ स्वीकारावा लागला. त्याच्याकडे स्थापित अग्नी कुठे होता? तर त्याची इष्टी साध्या अग्नीवर चालेल, असे पुढे ठरवले. म्हणजे ज्या अग्नीवाचून शूद्र अडला, त्या अग्नीवाचून निषादाचे चालले. सवलत त्या एका इष्टीपुरतीच, पण अग्नीची अट अटळ नव्हती एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

आता 2019 ची 103 वी घटनादुरुस्ती पाहा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एवढ्या शब्दांत गरीब दलित, आदिवासी, ओबीसी सगळे येतात. सरळ अर्थ तोच. पण त्याला पुढे जोडले: आधीच्या खंडांत सांगितलेले वर्ग सोडून. मीमांसकांना वगळण्यासाठी दुसरे वाक्य शोधावे लागले होते, इथे ते त्याच वाक्यात घालून ठेवले. 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवली. न्या. रवींद्र भट आणि सरन्यायाधीश उदय लळित यांनी मात्र हे वगळणे समतेच्या विरोधात असल्याचे म्हटले. बहुमताचा युक्तिवाद असा की या वर्गांना आरक्षण आधीच आहे. पण ते आरक्षण गरिबीवरचा उपाय म्हणून दिलेलेच नव्हते.