मोडावी की जोडावी? – जुन्या नावेची हकीकत

सानगडीच्या किल्ल्यावरून कितीही दूर नजर टाकली तरी समुद्र दिसावयाचा नाही. आपले पाणी तलावांचे. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आणि त्यांवर मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांचे डोंगे ही आपल्या जिल्ह्याची खरी ओळख. तेव्हा मंडळाच्या स्मरणिकेत सातासमुद्रांवरच्या नावेची हकीकत कशाला, असे काही भगिनींस वाटेल. परंतु या हकीकतीतला प्रश्न आपल्या घरादारातलाच आहे. वस्तू जुनी झाली. ती टाकून द्यावी की डागडुजी करून पुन्हा कामास लावावी? आणि हे ठरवावयाचे ते कशावरून?

लाकडी डोंग्याच्या बाबतीत हा प्रश्न निसर्गच सोडवी. लाकूड कुजले की डोंगा चुलीत गेला, त्याची राख परसात गेली. फायबरची बोट आली आणि ही सोय संपली. काचेचे अतिबारीक तंतू काढून त्यांचे कापड विणतात. साच्यात त्या कापडाचे थरावर थर देतात व प्रत्येक थर रासायनिक राळेत भिजवितात. राळ वाळली की नाव तयार. आपली गोधडी जशी थरांनी बळकट होते, तशीच ही बांधणी समजावी. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात अशा नावा होऊ लागल्या. सुतारकाम कमी, गळती नाही, वाळवी नाही, म्हणून पुढील वीस वर्षांत त्या जगभर पसरल्या. पण न कुजणे हा जसा गुण, तसा तो दोषही ठरला. ही नाव मातीत मिसळत नाही आणि जाळली तर विषारी धूर होतो. जुन्या नावांचे इतके ढीग साचले की फ्रान्समध्ये २०१९ पासून बोटी बांधणाऱ्यांवरच त्या गोळा करून मोडण्याची जबाबदारी टाकण्यात आली. म्हणजे मोडणेही आता फुकट राहिलेले नाही.

मग जोडावी का? जाणता कारागीर याचे उत्तर अंदाजाने देत नाही. कुंभाराकडे मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो, तसा तो लहान हातोडीने सगळी नाव ठोकून पाहतो. टणक आवाज आला तर थर एकजीव आहेत. बद्द आवाज आला तर ते आतून सुटले आहेत. वरच्या गुळगुळीत लेपातून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की अंगावर फोड येतात. ते खरवडून, नाव कित्येक आठवडे सुकवून, नवे थर देता येतात. खरा धोका असतो तो पोटात दडविलेल्या लाकडाचा. वरच्या तक्तपोशीत किंवा मागच्या फळीत लाकूड असले, आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेले, तर बाहेरून चकचकीत दिसणारी नाव आतून कुजलेली निघते. रंग उडाला म्हणून नाव टाकू नये, आणि नवा रंग दिला म्हणून तिच्यावर विसंबू नये, हे यातले तात्पर्य.

या कसोटीचा मोठा दाखला २०२२ च्या एका शर्यतीने दिला. तिचे मूळ आपल्या मुंबईपर्यंत पोहोचते. ‘सुहेली’ नावाची सागवानी नौका मुंबईत बांधली गेली, आणि तीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी निघून, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असे एकट्याने करणारा तो पहिला मनुष्य. पुढे ‘सुहेली’ सन्मानाने लंडनजवळच्या संग्रहालयात ठेवली गेली. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. धन्याने २००२ साली तिला बाहेर काढले आणि पुढे कित्येक वर्षे खपून पुन्हा पाण्यात सोडले. जपून ठेवणे आणि जगविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या नावेने शिकविले.

त्या प्रवासाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत पुन्हा सुरू झाली. नियम असा की नाव जुन्या घाटाची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची असावी, आणि उपग्रहावरून वाट दाखविणारी यंत्रे वापरू नयेत. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी त्या वर्षी ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेतून निघाले. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिणेस वादळात डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्यास जबर इजा झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच नौकेने त्यांस वाचविले. नाव तेथेच सोडावी लागली.

चार वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले. या खेपेस त्यांनी एक वापरलेली फायबरची नौका घेतली. पूर्वीच्या शर्यतीत तीच दुसरी आली होती. तिला ‘बयानात’ हे नवे नाव मिळाले. शर्यतीच्या तोंडावर एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, मोडले. तेही दुरुस्त झाले. वाटेत आपोआप दिशा धरणाऱ्या यंत्राचे पाते तुटले, तेव्हा या गृहस्थाने नावेतलीच फळकुटे, संडासाचे दारसुद्धा, कापून नवी पाती केली. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, ते दुसरे आले.

आणि पहिली कोण? दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिने कॅनडात जाऊन ऐंशीच्या दशकातली ‘मिनेहाहा’ नावाची छत्तीस फुटी फायबरची नाव घेतली. जवळजवळ वर्षभर एका स्थानिक नावाड्या कारागिराबरोबर राहून ती आतबाहेर तपासली, सोडविली, पुन्हा जोडली. नुसते पैसे देऊन काम करवून घेतले नाही. भर समुद्रात काही बिघडले तर कोणता खिळा कोठे आहे हे तिला ठाऊक असणे भाग होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये फिनलंडच्या तापिओ लेह्तिनेनची नाव पाहता पाहता बुडाली, तेव्हा हिने शर्यत सोडून त्यास शोधून काढले आणि ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजाच्या स्वाधीन केले. तरीही २७ एप्रिल २०२३ रोजी ती सर्वांच्या आधी पोहोचली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री होय.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. लेह्तिनेनची बुडालेली नावही जुनीच होती, मेहनतीने सज्ज केलेली होती. जोडलेली प्रत्येक नाव तरते असे नाही. जोडण्यात धोका असतो, खर्च असतो, आणि कधीकधी मोडणे हाच शहाणपणा असतो. म्हणूनच हातोडीने वाजवून पाहणे महत्त्वाचे. माया आणि हिशेब यांपैकी एकानेच निर्णय घेतला तर तो बहुधा फसतो.

आपल्या देशाचेही उदाहरण घ्या. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ ही नौका १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा स्त्रिया तीतून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी जगाला वळसा घालून परतल्या. सात वर्षांची झाल्यावर तिला कोणी शोभेस मांडले नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तीच ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यास सुखरूप आल्या. त्यांना शिकविणारे होते अभिलाष टॉमी. मोडलेल्या कण्याच्या मनुष्याने कमावलेले शहाणपण असे पुढच्या हाती गेले.

भगिनींनो, फाटके लुगडे गोधडीत घालणाऱ्या, भांड्यास कल्हई लावून ती पुढच्या पिढीस देणाऱ्या आयांच्या आपण लेकी आहोत. डागडुजीची विद्या आपणांस नवी नाही. आपल्या भागातल्या तलावाकाठीही कोठे कोठे फायबरच्या बोटी पालथ्या पडलेल्या दिसतात. एखादीविषयी निर्णय घेण्याची पाळी आली तर तीन गोष्टी विचाराव्या. तिचा सांगाडा टणक वाजतो का? आतले लाकूड कोरडे आहे का? आणि दुरुस्त झाल्यावर तिला पाण्यात कोण नेणार, रोज कोण पुसणार, सुकाणू कोणाच्या हाती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कारागीर देईल. तिसऱ्याचे उत्तर आपणच द्यावयाचे आहे. ते देता आले नाही, तर दुरुस्तीवर पैसा घालू नये. वर्धापनदिनी मंडळाच्या कामाकडे पाहतानाही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतील असे मला वाटते.