धाराशिवचे गायरान आणि नत्राची राखण
निजामाच्या अमदानीत उस्मानाबाद हे नाव मिळालेल्या आणि सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिलेल्या धाराशिव जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास रब्बी ज्वारी, कडबा आणि गुरेढोरे यांच्या आधाराने सांगितला जातो; परंतु गायरानातील नत्र कोठे गेले, याचा हिशेब मांडल्याशिवाय तो पुरता कळत नाही.

रासायनिक खत गावोगाव पोहोचण्यापूर्वी दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात शेतात मेंढ्या बसवण्याची रीत होती. सुगी संपली, की धनगर मोकळ्या रानात वाघर, म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेली जाळी, उभारून कळप रात्रभर त्यात कोंडत, दुसऱ्या रात्री तीच वाघर शेजारच्या पट्ट्यात सरकवत आणि मोबदला बहुधा धान्यात घेत. दिवसा माळावर चरलेले गवत रात्री लेंड्या आणि मूत्र होऊन शेतात पडे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सौदा उत्तम होता. मात्र सर्वांच्या वापराच्या गायरानातील नत्र त्यामुळे वर्षानुवर्षे खाजगी रानात जात राहिले. अतिचराईची त्यात भर पडली, तेव्हा पवना आणि मारवेल ही सकस गवते हटून कुसळी माजली, हा दख्खनच्या माळरानांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

मूत्रातील युरियापासून मातीत अमोनियम तयार होते, जे चिकणमातीच्या कणांना धरून राहते. पुढे सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते. या क्रियेस नत्रीकरण म्हणतात व ती मंदावणाऱ्या द्रव्यांस नत्रीकरण-रोधक. अमेरिकेत 1962 मध्ये नायट्रापायरिन हे असे द्रव्य पुढे आले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात निंबोळी पेंडीचा हाच गुण युरियाच्या संदर्भात अभ्यासला गेला आणि 2015 मध्ये देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. न्यूझीलंडमध्ये तर डायसायनडायअमाइड हे द्रव्य थेट चराऊ कुरणांवर फवारले जाई. दुधात त्याचे अंश आढळल्यावर जानेवारी 2013 मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली.

तो मार्ग धाराशिवला लागू पडणारा नव्हे. उष्ण मातीत ते द्रव्य लवकर विघटित होते. शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर पडलेल्या मूत्रातील बरेच नत्र अमोनिया वायू होऊन उडते, आणि या हानीवर नत्रीकरण-रोधकाचा इलाज चालत नाही. शेतात बसवलेल्या मेंढ्यांचे खत कुळवून मातीत मिसळता येते, गायरानात तीही सोय नाही. अधिक जवळचा धागा ज्वारीत सापडतो: तिच्या मुळांतून नत्रीकरण रोखणारी द्रव्ये पाझरतात, हे जपानी संशोधकांनी 2008 च्या सुमारास दाखवून दिले, म्हणजे या जिल्ह्याचे पारंपरिक मुख्य पीकच ही राखण काही अंशी करत आले आहे. गायरानाच्या वाट्याला मात्र ना ज्वारीची मुळे आली, ना कडुनिंबाचा युरिया.

गायरानाचे पहिले दुखणे नत्र वाहून जाण्याचे नसून ते परत न मिळण्याचे आहे. म्हणून ग्रामपंचायतींनी पावसाळ्यात पाळीपाळीने गायरानाचा एकेक भाग चराईस बंद ठेवावा, आणि वाघरीच्या काही रात्री, त्याही पाऊस तोंडावर असताना, गायरानासाठीच राखाव्यात.