बाबिलोनची रोजकीर्द

शिकंदर बादशहा इ. स. पू. ३२३ च्या जून महिन्याच्या ११ तारखेस बाबिलोन नगरीत मरण पावला, हे विधान आज इतक्या निश्चिंतपणे छापले जाते की, ही तारीख मुळात आली कोठून, असा प्रश्न वाचकाच्या मनात सहसा उभा राहत नाही. ज्या ग्रीक चरित्रकारांचे ग्रंथ आज उपलब्ध आहेत ते त्या घटनेनंतर कित्येक पिढ्यांनी लेखणी हाती घेतलेले. त्यांनी दिलेला महिना मासेदोनियाच्या पंचांगातला. आणि त्यांनी आधारास घेतलेल्या जुन्या साक्षींचा दिवसाविषयी आपसांत मेळ नाही. या वादाचा निकाल लावला तो ब्रिटिश म्यूझियममध्ये असलेल्या, मातीच्या एका फुटक्या पाटीने. तीवर अय्यारू महिन्याच्या २९ व्या दिवशी राजा मरण पावला एवढीच नोंद असून तिच्या लगत त्या दिवशीच्या अभ्राचा उल्लेख आहे. ज्याने इराणचे साम्राज्य पालथे घातले त्याचा मृत्यू आणि आकाश झाकणारे ढग या दोन्ही गोष्टी लेखकाने एकाच हाताने, एकाच स्वरात टिपल्या. हा निर्विकारपणा पुष्कळांना रुक्ष वाटेल. मला मात्र त्यातच त्या दप्तराच्या विश्वासार्हतेचे बीज दिसते.

या दप्तरास युरोपीय पंडित खगोलीय दैनंदिनी म्हणतात. मला आपल्याकडील रोजकीर्द हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण तिच्यात एकटे आकाश नाही. एका पाटीवर सामान्यतः अर्ध्या वर्षाचा मजकूर असे. मागील महिना २९ दिवसांचा झाला की ३० चा, येथून प्रारंभ. मग चंद्र कोणत्या रात्री कोणत्या ताऱ्याच्या पुढे वा मागे किती हातांवर होता, पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांच्या उदयास्तांत किती अंतर पडले, ग्रह कोठे दिसले, ग्रहणे, वारा, पाऊस. आणि महिन्याच्या अखेरीस एका शेकेल चांदीला जव, खजूर, तीळ, लोकर किती मिळाली तो बाजारभाव, युफ्रेतिस नदीचे पाणी किती चढले वा उतरले, आणि गावात काही विशेष घडले असल्यास तेही. हे काम मार्दुक देवाच्या एसागिला मंदिराकडे असलेल्या ज्योतिष्यांचे. उत्तरकाळातील काही कागदपत्रांवरून (कागद कसले, तीही मातीच!) असे दिसते की, पित्याच्या पश्चात वेध घेण्याची ही चाकरी आणि तिचे उत्पन्न मंदिराच्या सभेने मुलांकडे चालविले. वतन आणि वहिवाट या कल्पना ज्या समाजाच्या हाडीमाशी खिळल्या आहेत, त्याला या व्यवस्थेचा मर्मार्थ निराळा समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही.

हाती आलेली सर्वांत जुनी पाटी इ. स. पू. ६५२ ची आणि सर्वांत अलीकडची ६१ ची आहे; परंतु या प्रघाताचा उगम बहुधा नबोनस्सर राजाच्या कारकीर्दीत, म्हणजे ७४७ च्या सुमारास झाला असावा, कारण अलेक्झांड्रियाचा टॉलेमी आपल्या गणिताचा आरंभकाल याच राजापासून धरतो आणि प्राचीन वेध तेव्हापासून जतन झाल्याचे सांगतो. मूळ हेतू शकुनांचा. ग्रहण कोणत्या दिशेने लागले, त्या वेळी वारा कोणता होता, गुरू दृश्य होता की नव्हता, यावरून राजाचे शुभाशुभ ठरे. म्हणूनच, इराणचा राजा दारयवहू आणि शिकंदर यांचा गौगमेला येथे अखेरचा सामना झाला त्या इ. स. पू. ३३१ च्या पाटीत, उलूलू महिन्याच्या १३ व्या दिवशीच्या चंद्रग्रहणाविषयी खग्रास असताना पश्चिमेचा आणि सुटताना पूर्वेचा वारा वाहत होता, असा तपशील येतो. लढाईची नोंद २४ व्या दिवशी आहे. ग्रहणानंतर अकराव्या रात्री दोन्ही सैन्ये समोरासमोर आली, असे प्लुटार्क शिकंदराच्या चरित्रात लिहितो. ते ग्रहण २० सप्टेंबरचे असे गणिताने निघते, लढाई १ ऑक्टोबरची ठरते, आणि परस्परांना न ओळखणाऱ्या दोन दप्तरांची अशी रुजुवात पडते.

तथापि हे गणित आज जितके सरळ दिसते तितके ते आरंभी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाबिलोनच्या ढिगाऱ्यांतून निघालेल्या हजारो पाट्या, काही उत्खननातून तर पुष्कळशा बगदादच्या व्यापाऱ्यांमार्फत, लंडनला पोहोचल्या. योहान स्ट्रासमायर या जेसुइट पाद्र्याने त्यांच्या नकला करण्याचा सपाटा लावला आणि त्यांतील गणिती दिसणाऱ्या नकला आपल्याच संघातील योसेफ एपिंग याजकडे धाडल्या. एपिंग हा दक्षिण अमेरिकेत कितो येथे अध्यापन करून परतलेला गणिती. त्याच्यापुढील पेच असा की, पाट्यांवर ग्रहांची नावे होती, पण कोणते नाव कोणत्या ग्रहाचे हे निश्चित नव्हते. ताऱ्यांची नावे होती, पण ते तारे आकाशात कोणते ते ठाऊक नव्हते. वर्षांचे आकडे होते, पण ते ज्या संवताचे त्याचा आरंभ वादग्रस्त होता. एका अज्ञातावरून दुसरे काढावे, तर दुसरेही अज्ञातच. एपिंगने वर्ष गृहीत धरून त्या वर्षीची चंद्राची आणि ग्रहांची स्थाने गणिताने काढली, ती पाटीशी ताडून पाहिली आणि सर्व नोंदी एकदम जुळतील असे एकच उत्तर उरेपर्यंत हा व्याप सोडला नाही. सेल्युकस संवताचे पहिले वर्ष बाबिलोनच्या गणनेने इ. स. पू. ३११ च्या वसंतात सुरू झाले, हा सिद्धांत त्यातून स्थिर झाला, आणि १८८९ मध्ये त्याचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. तिथिनिर्णयाच्या या विद्येचे जन्मस्थान मी तेथे मानतो. फ्रान्त्स क्सावर कुगलरने ती वाढविली, ओटो नॉयगेबाउअरने तिला गणिताची शिस्त लावली. चांद्रमासाच्या तिसाव्या भागास, बाबिलोनच्या गणितातही तो येतो म्हणून, नॉयगेबाउअरने सरळ ‘तिथी’ हेच नाव आपल्या ग्रंथांत योजले, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे.

मराठी इतिहाससंशोधकास ही पद्धती अपरिचित वाटू नये. जुन्या पत्रात तिथी आणि वार दोन्ही असले, की जंत्री उघडून ते त्या शकात जुळतात की नाहीत हे तो प्रथम पाहतो. याच कामासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेलच्या सहकार्याने १८९६ मध्ये कोष्टके सिद्ध केली. बाबिलोनच्या पाटीत वाराच्या जागी शनी, गुरू, मंगळ उभे राहतात. शनीस राशिचक्र फिरण्यास साडेएकोणतीस वर्षे लागतात, गुरूस बारा. दोघे अमुक ताऱ्यांपाशी एकाच वेळी असण्याचा योग शतकांत क्वचित येतो, म्हणून ते वर्ष सांगतात. आणि रात्रीगणिक पुढे सरकणारा चंद्र महिना आणि दिवस सांगतो. तारखेचा कोपराच तुटलेल्या शेकडो तुकड्यांना अब्राहम सॅक्सने याच रीतीने काळ नेमून दिला. १९८३ मध्ये तो निवर्तला, आणि हेर्मान हुंगरने १९८८ पासून या रोजकिर्दींचे खंड प्रसिद्धीस आणले.

या पद्धतीचे बळ दाखविणारी एक पाटी बर्लिनच्या संग्रहात आहे. नेबुकद्नेझर राजाच्या ३७ व्या वर्षाची ही रोजकीर्द १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मूळ पाटी नव्हे, नंतरची नक्कल. नकलनविसाच्या पुढ्यातील प्रत जेथे फुटली होती तेथे त्याने प्रामाणिकपणे ‘फुटले’ असे लिहून ठेवले आहे. एके ठिकाणी चंद्र नवव्या रात्री कन्या राशीतील एका ताऱ्याच्या एक हात पुढे होता असे तो म्हणतो, परंतु गणिताने ती स्थिती आठव्या रात्रीची निघते. एकच नोंद हाती असती तर हा आकडा घातक ठरता; येथे चंद्राच्या आणि ग्रहांच्या इतर नोंदींचा समुदाय इ. स. पू. ५६८–६७ या एकाच वर्षावर एकवटतो, आणि नवाची चूक नकलेची म्हणून बाजूस काढता येते. याच पाटीत एक लांडगा बोर्सिप्पा गावात शिरला आणि त्याने दोन कुत्री मारली, हेही आहे!

साक्षीदार एकटा असला म्हणजे काय होते, ते शुक्राच्या पाटीत दिसते. निनेवे येथे सापडलेल्या या नकलांत अम्मिसदुक राजाच्या काळचे शुक्राचे उदयास्त २१ वर्षांचे आहेत. त्यांत ज्यास ‘सुवर्णसिंहासनाचे वर्ष’ म्हटले आहे ते त्या राजाचे आठवे, हे कुगलरने १९१२ मध्ये ओळखले. पण शुक्र आठ वर्षांनी जवळजवळ त्याच जागी येतो, आणि चांद्र तिथीशी त्याचा मेळ ५६ वा ६४ वर्षांनी पुन्हा बसतो. परिणामी त्याच घराण्यातील हम्मुराबीचे राज्यारोहण इ. स. पू. १८४८, १७९२ की १७२८, हा वाद आकाशाने सोडविण्याऐवजी वाढविला. याउलट, इ. स. पू. ७६३ च्या १५ जूनचे सूर्यग्रहण एकटे असूनही निर्णायक ठरले, कारण ते असुरियाच्या वर्षाधिकाऱ्यांच्या अखंड यादीत गुंफलेले होते. ते १८६७ मध्ये जाहीर करणारा हेन्री रॉलिन्सन हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातून चाकरीस आरंभ केलेला अंमलदार.

या विद्येची अखेरची शाखा मात्र तिच्या जनकांच्या स्वप्नातही नसेल. इ. स. पू. १३६ च्या १५ एप्रिलला बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झाले. ज्योतिषी लिहितो की, सूर्योदयानंतर २४ ‘उश’ गेल्यावर ग्रहण लागले, पुढील १८ उशांत बिंब पूर्ण झाकले, बुध, शुक्र, तारे दिसले, आणि अस्तंगत असलेले गुरू आणि मंगळही दृष्टीस पडले. एक उश चार मिनिटांचा, म्हणजे आपल्या घटिकेचा सहावा हिस्सा. ग्रहणास आरंभ चार घटका दिवस आल्यावर झाला. येथे तारखेविषयी शंका उरलेली नव्हती, म्हणून इंग्रज ज्योतिर्विद रिचर्ड स्टीफन्सनने प्रश्नच उलटा केला: पृथ्वी सदैव आजच्याच गतीने फिरत असती, तर ही छाया कोठे पडती? उत्तर निघाले, सुमारे ४९ अंश पश्चिमेस, मायोर्का बेटाच्या बाजूला. म्हणजे तेव्हापासून पृथ्वीचे घड्याळ एकंदरीत सव्वातीन तास मागे पडले आहे. अशा अनेक ग्रहणांच्या हिशेबाने दिवस दर शतकास सरासरी १.८ सहस्रांश सेकंदांच्या आसपास लांबत आला. भरतीओहोटीच्या घर्षणाने तो २.३ ने लांबावयास हवा होता. या तुटीचे एक कारण असे मानतात की, हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यामुळे ध्रुवांकडील जमीन अद्याप वर येत असून, तिच्या योगाने पृथ्वीची गती किंचित वाढते.