फुलराणी आणि न्हावी

निस्सानच्या दोन गाड्या आज जगभरचे हौशी संग्राहक जिवापाड जपतात. १९६९ची ‘फेअरलेडी झेड’ लांब नाकाची, दोघांपुरती, सुसाट. १९९१ची ‘फिगारो’ ९८७ सीसीची, गोल दिव्यांची, कापडी छपराची. दोघींचं काहीच जुळत नाही, पण दोघींची नावं मात्र रंगभूमीवरून आली.

कंपनीचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांना ब्रॉडवेवरचं ‘माय फेअर लेडी’ फार आवडलं, आणि १९६०पासून निस्सानच्या उघड्या स्पोर्ट्स गाड्या ‘फेअरलेडी’ झाल्या. ही संगीतिका शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आलेली, आणि पुलंची ‘ती फुलराणी’ही त्यावरूनच. म्हणजे नात्यानं ही गाडी ‘फुलराणी’तल्या आपल्या मंजुळेची बहीणच! ‘फेअर’ म्हणजे मुळात सुंदर. ‘गोरी’ हा अर्थ मागाहून चिकटला. ‘लेडी’ची गंमत त्याहून मोठी. जुन्या इंग्रजीत ती ‘ह्लाफ्डिगे’, म्हणजे पावाची कणीक मळणारी. (‘लॉर्ड’ म्हणजे पाव राखणारा, मळायचं काम तेव्हाही बाईकडेच.)

अमेरिकेतले निस्सानचे प्रमुख युताका काटायामा यांना हे नाव स्पोर्ट्स कारला शोभेना. त्यांनी म्हणे आलेल्या गाड्यांवरची नावाची पट्टी काढून २.४ लिटरच्या इंजिनावरून ‘२४०झेड’ लावलं. जपानात फेअरलेडी टिकली. तिथल्या दुर्मीळ ‘झेड ४३२’चे आकडे म्हणजे दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर, दोन कॅमशाफ्ट. नावातच कुंडली.

फिगारो हा बोमार्शेच्या नाटकांतला सेव्हिलचा न्हावी, पुढे मोझार्टच्या ऑपेरातला सरदाराला पुरून उरणारा नोकर. बोमार्शेचं मूळ आडनाव कारों. ‘फिस कारों’, म्हणजे कारोंचा पोरगा, यावरून ‘फिगारो’ झालं असा एक तर्क आहे. मला तो ओढूनताणून वाटतो.

खरं तर नावांची अदलाबदल झाली आहे. फिगारोच्या देखण्या जुनाट पत्र्याखाली असते निस्सानचीच साधी ‘मार्च’. साध्या पोरीला नटवून उमरावांत मिरवायचं, ही तर थेट फुलराणीची गोष्ट! आणि मिरवलीही तशीच: २०,००० गाड्या काढल्या, तरी गिऱ्हाइकं इतकी की सोडत काढावी लागली.

निस्सानला नाव जमलं ते फिगारोच्याच गोतावळ्यातल्या १९८९च्या बुटक्या, पाठ फुगलेल्या व्हॅनचं. ‘एस-कार्गो’: कार्गो म्हणजे माल, आणि फ्रेंचमध्ये ‘एस्कार्गो’ म्हणजे गोगलगाय.