धावणाऱ्या पायांची कदर : १९१९ च्या मैदानापासून आजपर्यंत

मुलांनी इल्म हासिल करावे, परीक्षेत उत्तम गुण मिळवावेत, घराण्याचे व समाजाचे नाव उज्ज्वल करावे, ही प्रत्येक आईबापाची इच्छा असते. म्हणूनच शिक्षणसंस्थांच्या वार्षिक समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु शाळेच्या शर्यतीत पहिला आलेला मुलगा किंवा लांब उडीत तालुक्यात नाव काढलेली मुलगी या समारंभात बहुधा टाळ्या वाजविणाऱ्यांच्या रांगेतच बसलेली असते. खेळ म्हणजे फावल्या वेळेचा उद्योग, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती कितपत बरोबर आहे, हे इतिहासाच्या आधारे तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

भारतीय मैदानी खेळांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान पुण्यात लिहिले गेले. १९०६ साली तेथे डेक्कन जिमखाना ही संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ साली या जिमखान्याने मैदानी शर्यती भरविल्या. धावायला आलेली बहुतेक मुले शेतकरी कुटुंबांतली होती. दिवसभर शेतात राबायचे, मिळेल ती भाजीभाकरी खायची आणि अनवाणी धावायचे, एवढीच त्यांची तयारी. युरोपातील नियमांचा त्यांना गंध नव्हता. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा सरळ रेषेत न घेता वळणावरून घेण्याचा बेत होता आणि धावपटूंच्या मध्ये दोऱ्या बांधण्याची व्यवस्थाही नव्हती.

तरीही एक गोष्ट दोराबजींच्या नजरेतून सुटली नाही. या मुलांनी घेतलेला वेळ युरोपातल्या धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगा होता, विशेषतः लांब पल्ल्याच्या शर्यतीत. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीकत स्वतः नमूद केली आहे. यातील मर्म पालकांनी ध्यानात घ्यावे. "मुले छान धावली" एवढेच कोणी म्हटले असते, तर ते कौतुक त्याच संध्याकाळी विरून गेले असते. पण कोणीतरी घड्याळ लावले होते आणि वेळ टिपली होती. त्या आकड्यामुळेच पुण्याच्या मैदानावरील अनवाणी मुलगा आणि परदेशातील बूट घातलेला धावपटू यांची एका मापाने तुलना करता आली.

दोराबजी तेवढ्यावर थांबले नाहीत. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्याशी बोलून त्यांनी हिंदुस्थानला ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळवून देण्याची खटपट केली व खेळाडूंच्या खर्चासाठी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प शहरी भरलेल्या ऑलिम्पिकसाठी हिंदुस्थानचा छोटासा संघ रवाना झाला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि मल्ल रणधीर शिंदे व कुमार नवले ही आपल्या मुलखातील मंडळी होती. चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. त्या वर्षी हे अंतर पाऊण कमी त्रेचाळीस नव्हे, तर बेचाळीस किलोमीटर साडेसातशे मीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही थोडे अधिक होते. जगभरच्या धावपटूंत चौगुले एकोणिसावे आले. रणधीर शिंदे यांनी कुस्तीत आपल्या वजनगटात चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. पदक मिळाले नाही हे खरे. पण दार उघडले गेले. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. एका स्थानिक जिमखान्याच्या शर्यतीतून हे सारे घडले.

शिक्षण आणि व्यायाम यांत वैर आहे, असे मानणाऱ्यांनी कोल्हापूरकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले आणि मुलांसाठी बोर्डिंगची सोय केली. त्याच शाहू महाराजांनी खासबागचे भव्य कुस्ती मैदान उभारले. एका हाताने मुलांना पाटी-पुस्तक द्यावे आणि दुसऱ्या हाताने तालमीला आश्रय द्यावा, यात त्या द्रष्ट्या राजाला कोणताही विरोध दिसला नाही. आपल्या विदर्भातही अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून हेच कार्य चालविले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

कदर उशिरा झाली तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. परदेशी जाण्यासाठी लागणारा पैसा उभा करताना त्यांना दारोदार फिरावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, ही हकीकत आजही आदराने सांगितली जाते. पदक घेऊन परतल्यावर गावकऱ्यांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. गावाने आपले कर्तव्य केले. सरकारदरबारी मात्र उपेक्षा झाली. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत गावोगावी किती गुणी मुले नुसत्या दुर्लक्षामुळे मागे पडली असतील, याचा विचार मनाला चटका लावून जातो.

आपल्या समाजातील मुलांनीही संधी मिळताच कर्तृत्व दाखविले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणी या गावच्या शेख बंधूंचेच पाहा. इस्माईल शेख यांनी १९८० साली, आप्पालाल शेख यांनी १९९२ साली आणि मुन्नालाल शेख यांनी २००२ साली महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. एकाच घरात तीन भावांनी हा मान मिळविला. २०१८ साली बाला रफिक शेख यांनीही हा किताब जिंकला. या मल्लांच्या मिरवणुकीत सर्व जातिधर्मांचे लोक फेटे उडवीत नाचले. मैदान माणसाला त्याच्या मेहनतीवरून ओळखते.

मुलींच्या बाबतीत काही पालकांच्या मनात संकोच असतो. त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी हजरत आयेशा रजियल्लाहु अन्हा यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. दुसरी गोष्ट मोरोक्कोची. १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये नवाल अल् मुतवक्किल या मोरोक्कोच्या कन्येने चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पुढे ती आपल्या देशाची क्रीडामंत्री झाली. आपल्या शेजारच्या तेलंगणातील निजामाबादच्या निखत झरीन हिने २०२२ व २०२३ साली मुष्टियुद्धात जागतिक अजिंक्यपद मिळविले. तिचे पहिले मार्गदर्शक तिचे वडीलच होते.

आता आपल्या बपेऱ्याकडे वळू. मध्यप्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या, धानाच्या शेतीवर जगणाऱ्या या भागात सोयी कमी आहेत. पण पोलीस व सैन्य भरतीच्या आशेने पहाटे रस्त्यावर धावणारी मुले भंडारा जिल्ह्यात गावोगावी दिसतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. त्यातला एकेक सेकंद गुणपत्रिकेवर उमटतो. खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत आणि ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुणही मिळतात. हे लाभ अनेक पालकांना ठाऊकच नसतात. स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून न ठेवल्यामुळे हक्काची सवलत हातची जाते.

म्हणून क्रीडा मंडळांना व शाळांना एक साधी विनंती आहे. शाल आणि नारळ अवश्य द्यावेत, पण त्याआधी एक नोंदवही ठेवावी. मैदानाचे अंतर फीत लावून मोजावे. खेळाडूचे नाव, अंतर, वेळ आणि तारीख लिहावी व खाली शिक्षकाने सही करावी. दर तीन महिन्यांनी पुन्हा वेळ घ्यावी. यास फारसा खर्च नाही. जो मुलगा पहिला आला नाही, पण ज्याने सहा महिन्यांत आपली वेळ दहा सेकंदांनी कमी केली, त्याचीही मेहनत या वहीत दिसेल. वार्षिक स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीशेजारी या वहीतील नावे छापावीत.

पालक बंधु-भगिनींनो, आपला पाल्य पहाटे उठून धावायला निघाला तर त्याला अडवू नका. अभ्यासाची वेळ ठरवून द्या आणि मैदानाची वेळही ठरवून द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही मैदानाच्या नावाखाली पुस्तकाकडे पाठ फिरवू नका. १९१९ साली पुण्याच्या मैदानावर अनवाणी धावलेल्या कुणब्यांच्या पोरांना आपण कोठवर पोहोचू हे माहीत नव्हते. त्यांची वेळ मोजणारा कोणी भेटला, म्हणून त्यांच्यातले काही अँटवर्पपर्यंत गेले. आपल्या मुलांची वेळ मोजण्याचे काम आता आपले आहे. अल्लाह तआला आपणां सर्वांना या कार्याची तौफीक देवो. आमीन.