उस्तादांचा मदरसा

बी.एड. करताना आम्हां उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना एक ओळ पाठ असते : वर्धा शिक्षण योजना, १९३७, डॉ. झाकीर हुसेन. परीक्षेला तेवढी पुरते. हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे पाठ टाचण लिहायचे, सराव पाठ घ्यायचे, वहीवर सही मिळाली की आमची तालीम पुरी!

त्या ओळीची सुरुवात दिल्लीत आहे. अलीगढला १९२० मध्ये स्थापन झालेली जामिया मिल्लिया १९२५ ला दिल्लीत आली आणि पुढच्याच वर्षी बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या झाकीरसाहेबांनी तिची धुरा घेतली. तिजोरीत खडखडाट होता. पण जर्मन शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टायनर यांचा एक विचार त्यांनी सोबत आणला होता. मुलाने हाताने काम केले म्हणजे ते शिकले असे नव्हे. काय करायचे हे त्याने आधी ठरवावे, आखणी करावी, काम करावे आणि शेवटी ते स्वतःच पारखावे. नाही तर ती नुसती मजुरी.

जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांनी हे प्रकल्प पद्धतीने करून पाहिले. मुलांची बँक निघाली, दुकान निघाले, हिशेबही मुलांकडेच. जर्मनीहून आलेल्या ज्यू शिक्षिका गर्डा फिलिप्सबोर्न लहानग्यांमध्ये रमल्या. सगळे त्यांना आपाजान म्हणत.

हा अनुभव गाठीशी घेऊन झाकीरसाहेब ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेला आले. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असे गांधीजींचे म्हणणे होते. झाकीरसाहेबांच्या समितीने योजना उचलून धरली, पण कमाईच्या नादात शिक्षण मागे पडेल, असा इशाराही अहवालात दिला. आम्हांला तो इशारा सर्वांत मोलाचा वाटतो. प्रश्न उरला शिक्षकाचा. ज्याने स्वतः कधी काही आखले नाही, घडवले नाही, तो मुलांना काय घडवू देणार? म्हणून १९३८ मध्ये जामियात शिक्षक-प्रशिक्षणाची संस्था निघाली, ‘उस्तादों का मदरसा’.

पुढे अनेक बेसिक शाळांत टकळी राहिली, आखणी गेली. पुढे खुद्द झाकीरसाहेबांनीच या अंमलबजावणीवर कडक टीका केली.

‘अब्बूखाँ की बकरी’ ही गोष्ट उर्दू वाचणाऱ्या किती तरी मुलांना ठाऊक आहे. ती त्यांनी आपल्या दिवंगत मुलीच्या, रुकय्या रेहानाच्या नावाने लिहिली. आमच्या पाठ टाचणाच्या वहीत तिचे उद्दिष्ट, साहित्य, फलकलेखन सारे असते. लेखकाने शिक्षकांसाठी मदरसा काढला होता, एवढेच नसते.